लाखाची लेन्स

दिवाळीत घरोघरी वाद होतात ते चकलीच्या काट्यावरून, अनारशाच्या जाळीवरून, फार तर पाहुण्यांच्या मुक्कामावरून. आमच्या घरी गेल्या पाडव्याला वाद झाला तो एका नळीवरून. नळी म्हणजे साधीसुधी नव्हे. छायाचित्रे काढणारी मंडळी जिला टेलिफोटो लेन्स म्हणतात ती. १५० पासून ६०० मिलिमीटरपर्यंत लांबणारी, वजनाने दोन किलो आणि किमतीने लाखाच्या घरातली. पाडव्याचा मुहूर्त, थोडीशी सूट आणि वर एक पिशवी फुकट, असे तिहेरी जाळे दुकानदाराने टाकले होते आणि मी आपण होऊन त्यात शिरलो होतो.

"एक लाख रुपये!" सौभाग्यवतींच्या हातातला झारा कढईवर तसाच थांबला. "कशासाठी? लांबचं दिसायला? मला जवळचं दिसतंय तेवढं पुरे आहे. ओट्याची फरशी तीन ठिकाणी उचकटलीय. ती बघायला लेन्स लागत नाही!"

या सदराच्या जुन्या वाचकांना आमच्या घरचे अर्थखाते कोणाकडे आहे, हे नव्याने सांगायला नको. मी बँकेत नोकरी करतो. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजतो. घरचे मोजण्याचा अधिकार मात्र मला आजवर मिळालेला नाही. तरीही मी धीर करून माझी बाजू मांडली.

"अगं, हिवाळ्यात रंकाळ्यावर वारकरी जमतात. पण ते असतात मधोमध पाण्यात. माझ्या आत्ताच्या लेन्समधून नुसते काळे ठिपके दिसतात."

"वारकरी पंढरपूरला जातात. रंकाळ्यात मधोमध कशाला जातील?"

"पक्षी गं! वारकरी नावाचा पक्षी!"

काळाभोर, बदकाएवढा नाही पण बदकासारखा पोहणारा हा पक्षी. चोच पांढरी आणि तिच्या वर कपाळावर पांढरा स्वच्छ टिळा. ज्या कोणी त्याला वारकरी म्हटले, त्याची नजर लेन्सशिवायही तेज असली पाहिजे. हे सगळे मी रंगवून सांगितले. त्यावर सौभाग्यवतींनी शेवटचे अस्त्र काढले.

"रोज खरी कॉर्नरवरून जाता ना? तिथं कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. बाबूराव पेंटरांनी अख्खा कॅमेरा इथं कोल्हापुरात घडवला. आणि तुम्ही एका नळीसाठी मुदतठेव मोडायला निघालात!"

कोल्हापुरात कॅमेऱ्याच्या हौसेने बहकलेल्या नवऱ्याला गप्प करायला हे एक नाव पुरते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या माणसाने विष्णुपंत दामल्यांसारख्या सहकाऱ्यांना हाताशी धरून चित्रपटाचा कॅमेरा स्वतः जुळवला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला आणि १९२५ साली 'सावकारी पाश'. ज्या गावात कॅमेराच घरी झाला, तिथे लेन्स विकत घेण्यासाठी कर्ज, मुदतठेव, हप्ते असले शब्द उच्चारायचे म्हणजे लाजच वाटायची. मी गप्प झालो.

तेवढ्यात आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. "घ्यायची की नाही ते मागाहून ठरवा. आधी मला सांग, तुला दिसत काय नाहीये?"

अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षे शहाऐंशी. त्यांच्या तरुणपणी आमच्या घरात आगफा क्लिक थ्री कॅमेरा होता. बडोद्याला बनलेला, काळा, आटोपशीर. एका रोलमध्ये बाराच चित्रे. बारा म्हणजे बारा. तेरावे काढायचे तर नवा रोल आणि नवा खर्च. त्यामुळे अण्णा आधी पुष्कळ वेळ बघत आणि मग एकदाच खटका दाबत. त्या कॅमेऱ्याला ना लांब लेन्स, ना आखूड. कुणी चित्रात लहान दिसू लागले तर अण्णा पुढे जात, मोठे दिसू लागले तर मागे सरत. माझ्या मुंजीत मागे सरता सरता ते पाण्याच्या घंगाळात बसले होते, ही आठवण आमच्या घरात अजून काढली जाते. थोडक्यात, अण्णांची लेन्स म्हणजे अण्णांचे पाय.

ते पायच आता राहिले नाहीत. चाळीस वर्षे रोज पहाटे रंकाळ्याला फेरी घालणारा माणूस गुडघ्यांमुळे दोन वर्षे खिडकीजवळच्या कॉटवर आहे. रंकाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर. पण जिना उतरायचा म्हटला की तो पन्हाळ्याएवढा लांब होतो. खरे सांगायचे तर त्या लेन्समागे माझा एक मनातला बेत होता. रंकाळ्यावरचे पक्षी टीव्हीच्या पडद्याएवढे मोठे करून अण्णांना दाखवायचे. हे मी कुणाला बोललो नव्हतो. मुलाने वडिलांविषयी असे काही बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

शेवटी तहाची कलमे ठरली. एक, पाडव्याला खरेदी नाही. दोन, गेल्या वर्षभरातली छायाचित्रे काढून, लेन्स आखूड पडली म्हणून नेमकी किती फसली, ते मोजायचे. तीन, तशी लेन्स आधी भाड्याने आणून दोन दिवस वापरायची. तिन्ही कलमे सौभाग्यवतींची. सही माझी.

मोजणीला मी मोठ्या उत्साहाने बसलो. हल्लीच्या कॅमेऱ्याची एक सोय अशी की प्रत्येक चित्राबरोबर तारीख, वेळ आणि लेन्स किती मिलिमीटरवर होती, हे सगळे आपोआप नोंदले जाते. तुमची बढाई आणि तुमची वही, दोन्ही एकाच पेटीत असतात म्हणा ना. वर्षभरात मी कॅमेरा घेऊन एकतीस दिवस बाहेर पडलो होतो. त्यांतले एकोणीस दिवस पक्ष्यांसाठी. "लेन्स लांब असती तर!" असे म्हणून हळहळलो होतो, ती चाळीस चित्रे मी बाजूला काढली आणि एकेक पुन्हा पाहिले.

चाळीसपैकी सतरा चित्रांत दोष लेन्सचा नव्हताच. पक्षी काठावर होता आणि मी स्कूटरवरून न उतरताच खटका दाबला होता. किंवा आठ वाजता गेलो होतो, सहाला जायला हवे होते. किंवा पाच मिनिटे गप्प बसलो असतो तर खंड्या आपण होऊन जवळच्या फांदीवर आला असता. या अंतराला मी आळसाचे अंतर असे नाव दिले. आणखी नऊ चित्रे उजेड कमी म्हणून किंवा हात हलला म्हणून बिघडली होती. त्यांना लांब लेन्सने आणखीच बिघडवले असते. उरली चौदा. त्यांत मात्र पक्षी खरोखर दूर होता. मध्ये पाणी होते, चिखल होता, कुंपण होते. हे अडचणीचे अंतर. आणि ही चौदाही चित्रे सहाच दिवसांतली होती.

आता थोडे यंत्राविषयी. ज्यांना यात गोडी नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून फराळाकडे वळावे.

लेन्सचे जे मिलिमीटर सांगतात ते तिचे केंद्रांतर. साध्या भिंगाने ६०० मिलिमीटर साधायचे तर नळीही जवळजवळ तेवढीच, म्हणजे दोन फूट लांब हवी. १८९१ च्या सुमारास इंग्लंडात थॉमस डालमायर आणि जर्मनीत आडोल्फ मीटे यांनी एक युक्ती काढली. पुढे उजेड एकवटणारी भिंगे आणि मागे तो किंचित फाकवणारी भिंगे. त्यामुळे नळी आखूड होऊनही चित्र लांब नळीचे मिळू लागले. हीच टेलिफोटो. आता तिने होते काय, ते पाहा. वारकरी साधारण चाळीस सेंटिमीटरचा पक्षी. तो चाळीस मीटरवर असला तर ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून कॅमेऱ्याच्या आत त्याचे चित्र तीन मिलिमीटरचे उमटते; ६०० मधून सहाचे. माझ्या कॅमेऱ्याची आतली चकती २४ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे पक्षी चित्राच्या आठव्या हिश्श्याऐवजी चौथ्या हिश्श्यात येतो. पण हेच चित्र जुन्या ३०० च्या लेन्सने वीस मीटर पुढे जाऊन, म्हणजे निम्मे अंतर कापूनही मिळते. लेन्स दुप्पट करणे आणि अंतर निम्मे करणे, हिशेब एकच. पहिल्याला लाख रुपये पडतात, दुसऱ्याला चप्पल झिजते.

आणि जे मिळते त्याची किंमत फक्त रुपयांत नसते. लांब लेन्समध्ये हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. म्हणून ६०० मिलिमीटरला शटर निदान सेकंदाच्या सहाशेव्या भागात, माझ्यासारख्या छोट्या चकतीच्या कॅमेऱ्यात तर हजाराव्या भागात मिटावे, असा जुना संकेत आहे. कंप शोषणारी यंत्रणा आता लेन्समध्येच असते, पण ती आपला हात सावरते. मान हलवणारा पक्षी तिला थोपवता येत नाही. शटर इतके झटपट मिटवायचे तर उजेड भरपूर हवा. आणि परवडणारी लांब लेन्स नेमकी तिथेच कंजूष. तिचे उजेडाचे भोक, म्हणजे ॲपर्चर, टोकाला एफ ६.३ चे. घरातल्या साध्या ५० मिलिमीटरच्या एफ १.८ लेन्सच्या मानाने बारावा हिस्सा उजेड आत येतो. मोठ्या भोकाच्या लांब लेन्सही असतात. त्यांच्या किमती ऐकल्या की ओट्याच्या फरशीचाच काय, ओट्यासकट घराचा विचार करावा लागतो. "मग जुन्याच लेन्सला मागे जोड लावा," असे कोणी सुचवील. टेलिकन्व्हर्टर नावाची ती जोड १.४ पट लांबी देते, पण निम्मा उजेड घेते. दुपटीची जोड उजेडाचा चौथा हिस्साच ठेवते. दूध तेवढेच, पाणी वाढवायचे.

जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारसाठी मी ती लेन्स भाड्याने आणली. दिवसाला साडेबाराशे रुपये आणि वर अनामत.

शनिवारी पहाटे रंकाळा. थंडी होती, पाण्यावर धुके होते, संध्यामठ अर्धा दिसत होता. मी नळी कॅमेऱ्याला बसवली आणि तत्क्षणी खांद्याला कळले की दोन किलो म्हणजे गुळाचे एक किलोचे दोन रवे. फेरीला आलेली मंडळी थांबून पाहू लागली.

"काय दादा, तोफ लावलीय व्हय?" एका पोराने विचारले.

"वारकऱ्यांचे फोटो काढतोय."

"मग दिंडी कवा यायची?" असे म्हणून तो हसत पुढे पळाला.

पहिली अडचण अशी की नुसत्या डोळ्यांना दिसणारा वारकरी लेन्समध्ये सापडेना. हात पुढे ताणून मधली तीन बोटे जुळवून धरा. ती जेवढे झाकतात ते सुमारे पाच अंश. ती लेन्स सहाशेवर ताणली की माझ्या कॅमेऱ्याला दिसते ते त्याच्याही निम्मे. त्या फटीतून तळे धुंडाळायचे म्हणजे किल्लीच्या भोकातून लग्न पाहण्यासारखे आहे. पक्षी सापडेपर्यंत तो बुडी मारी. वर येई तो भलतीकडेच. साडेसहाला उजेड नव्हता, म्हणून चित्रे रवाळ आली. साडेनवाला उजेड भरपूर झाला, तर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागली आणि पक्ष्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसू लागल्या. या थरथरीवर कुठल्याच कंपनीच्या लेन्सचा इलाज नाही. मधला दीड तास काय तो आपला. पण त्या दीड तासात, काठावर मांडी घालून, कोपर गुडघ्यावर टेकून एक चित्र असे मिळाले की त्यासाठी सगळे माफ. वारकऱ्याचा लालभडक डोळा, कपाळीचा पांढरा टिळा आणि चोचीवरून ओघळणारा पाण्याचा थेंब.

रविवारी दाजीपूर. कोल्हापुराहून सत्तर-ऐंशी किलोमीटर. १९५८ साली घोषित झालेले हे गव्यांचे अभयारण्य, आजचे राधानगरी अभयारण्य. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाट जागतिक वारसा म्हणून मानला, त्यात हेही आहे. सड्याच्या कडेला दीडशे मीटरवर एक गवा चरत होता. खांद्यापाशी माणसाएवढा उंच, अंगाने तेल लावल्यासारखा काळा, आणि चारही पायांत जणू पांढरे मोजे. मी नकळत दोन पावले पुढे टाकली. बरोबरच्या वाटाड्याने दंड धरला.

"इथंच थांबा, साहेब. त्यो चरतोय तवर ठीक. चरायचं सोडून मान वर केली, की समजायचं, आपण जास्ती जवळ आलोय."

मी थांबलो. नळी वर केली. त्या दीडशे मीटरवरून गवा चित्रात निम्म्या रुंदीला आला. त्याने मान वर केली नाही. तो चरत राहिला आणि चरता चरता झाडीत गेला.

तेव्हा मला ९ डिसेंबर २०२० चा दिवस आठवला. पुण्यात कोथरूडच्या वस्तीत एक गवा वाट चुकून शिरला होता. त्याला बघायला, त्याचे चित्र मोबाइलमध्ये घ्यायला माणसे जमली. आरडाओरडा, पळापळ, दोर, इंजेक्शन. काही तासांत ते जनावर मेले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात गवे आमच्या कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आले आणि जवळच एका तरुणाचा गव्याच्या हल्ल्यात जीव गेला. मोबाइलच्या भिंगाला लांबचे नीट दिसत नाही, म्हणून माणूस जवळ जातो. आणि जवळ जाऊन जनावराचा किंवा स्वतःचा जीव धोक्यात घालतो. घरट्याचेही तसेच. अंडी-पिल्ले असताना माणूस फार जवळ गेला तर पाखरे घरटे टाकून जातात. म्हणून अनेक स्पर्धांत आता घरट्यावरची चित्रे घेतच नाहीत. माझ्या यादीत एक तिसरे अंतर लिहायचे राहिले होते, ते त्या सड्यावर कळले. अदबीचे अंतर. आळसाच्या अंतरावर पाय हा उपाय आहे, अडचणीच्या अंतरावर कधी वाट पाहणे, कधी लेन्स. अदबीच्या अंतरावर मात्र पाय चालवायचेच नसतात. तिथे लांब लेन्सला पर्याय नाही. एक तर ती हवी, नाही तर चित्राचा मोह सोडायला हवा.

रविवारी रात्री सगळे टीव्हीपुढे बसलो. अण्णांची कॉट ओढून पुढे घेतली. मी वारकऱ्याचे चित्र लावले. पडदाभर पक्षी! पिसे मोजून घ्यावीत असा. सौभाग्यवतींच्या तोंडून "अगं बाई!" निघाले. मी अण्णांकडे पाहिले. ते चष्मा सारखा करून बराच वेळ बघत राहिले.

"पक्षी झकास आहे," ते म्हणाले. "पण हा रंकाळ्याचा कशावरून?"

"म्हणजे?"

"मागं नुसतं हिरवं-निळं पुसटलंय. संध्यामठ कुठं आहे? कठडा कुठं आहे? पाणी किती चढलंय यंदा? हा पक्षी कुठल्याही तळ्यातला असेल."

मी उत्तर देऊ शकलो नाही, कारण ते खरे होते. लांब लेन्सचा गुण म्हणून जो सांगतात तोच हा: ती विषय तेवढा उचलते आणि मागचे सगळे पुसून टाकते. पक्षी हाती येतो, जागा जाते. आणि अण्णांना दोन वर्षे पक्षी दिसला नव्हता असे नाही. खिडकीत चिमण्या-कावळे येतच होते. त्यांना दिसत नव्हता तो रंकाळा. मी घाईने परतीच्या वाटेवर साध्या लेन्सने सहज काढलेले एक चित्र लावले. धुके, अर्धा संध्यामठ, कठड्यावर बसलेली चार म्हातारी माणसे, पलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा आणि पाण्यावर पसरलेले पंधरा-वीस काळे ठिपके.

"हां," अण्णा पुढे वाकले. "हे वारकरी. आणि ती कडेची जागा माझी."

त्या रात्री झोपण्यापूर्वी सौभाग्यवतींनी वही काढली. मी बँकेतला माणूस असून जो हिशेब मला सुचला नव्हता, तो त्यांनी मांडला. लाखाची लेन्स आणि दिवसाचे भाडे साडेबाराशे, म्हणजे ऐंशी दिवसांच्या भाड्यात लेन्स. मला खरी गरज पडली ती वर्षात सहा दिवस. सहा दिवसांचे भाडे साडेसात हजार. लाखाच्या ठेवीवर सात टक्के धरले तरी व्याज सात हजार येते. "म्हणजे मुद्दल न मोडता व्याजात तुमची हौस जवळजवळ भागते. आणि जो माणूस दर रविवारी जंगलात जातो, त्याचं भाडं दोन वर्षांच्या आत लेन्सच्या किमतीला पोचतं. त्यानं खुशाल घ्यावी. तुम्ही तो माणूस आहात का?"

मी तो माणूस नव्हतो. निदान अजून नव्हतो. ऐंशी दिवसांची लेन्स सहा दिवसांसाठी कपाटात ठेवायची, आणि आमच्या पावसाळ्यात कपाटात ठेवली तर भिंगावर बुरशी चढू नये म्हणून तिला कोरड्या हवेचा डबा करायचा, त्याची पुन्हा काळजी वाहायची! लेन्स महाग असते त्याहून न वापरलेली लेन्स महाग पडते.

पण हिशेब संपला तरी अण्णांचा प्रश्न तसाच होता. त्याचे उत्तर मिळाले ते लेन्स परत करायला गेलो तेव्हा. दुकानाच्या कपाटात एक दुर्बीण होती. तिच्यावर '८ × ४२' असे लिहिले होते. आठ पट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे. नुसत्या डोळ्याच्या नजरेला पन्नास मिलिमीटरची लेन्स मानतात. त्या हिशेबाने आठपट म्हणजे चारशे मिलिमीटर झाले. किंमत आठ हजार. ना कंप मोजायचा, ना शटर, ना रवाळपणा. मी सौभाग्यवतींना फोनही न करता ती घेतली. माझ्या संसारातली ही पहिलीच विनापरवाना खरेदी.

पुढच्या रविवारी चिरंजीव पुण्याहून आला होता. आम्ही दोघांनी अण्णांना खुर्चीसकट उचलून जिना उतरवला. रिक्षा थेट रंकाळ्याच्या कठड्याशी नेली. अण्णा त्यांच्या जागेवर बसले, दुर्बीण डोळ्यांना लावली, चाक फिरवले, पुन्हा फिरवले आणि मग हात स्थिर झाला. किती तरी वेळ ते काहीच बोलले नाहीत. खटका नव्हता, मोजायची बारा चित्रे नव्हती.

"टिळा दिसला," एवढेच ते म्हणाले आणि दुर्बीण बाजूला केली. "सूनबाई, बघ. डावीकडून तिसरा."

सूनबाईंनी घेतली ती अर्धा तास परत दिली नाही.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी यंदाच्या पाडव्याला अशाच एखाद्या नळीच्या विचारात असाल, तर माझे सांगणे एवढेच. आधी आपली जुनी चित्रे काढा आणि फसलेल्यांची तीन गटांत वाटणी करा. आळसाची, अडचणीची आणि अदबीची. पहिल्या गटासाठी पैसे खर्च करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या गटाचे वर्षात किती दिवस होतात ते मोजा आणि तेवढ्या दिवसांचे भाडे एका कागदावर लिहा. निदान दोन दिवस ती लेन्स खांद्याला लावून हिंडा. मग जे ठरेल ते ठरेल. घेतलीत तर पश्चात्ताप होणार नाही, न घेतलीत तर हळहळ वाटणार नाही.

आमच्याकडे ठेव शाबूत आहे. ओट्याची फरशी बोनसमधून बदलली. मी वर्षभर वहीत खुणा केल्या आहेत: लांब लेन्सची खरी गरज, नऊ दिवस. गेल्या वर्षी सहा होते. वाढ आहे. सौभाग्यवतींनी आकडा पाहिला, काही बोलल्या नाहीत, पण वही मिटताना 'लेन्स' असे लिहून खाली रेघ मारलेली मी पाहिली. दुकानदाराचा निरोप यंदाही आला आहे. सूट तीच, पिशवीही तीच.

हे लिहीत असताना आतून अण्णांचा आवाज आला आहे. उद्या नरकचतुर्दशी; आंघोळी लवकर आटपा म्हणतात. सहाला रिक्षा सांगितली आहे.